बाळंतपणाची सोबतीण: विदर्भातल्या गावांत ही व्यवस्था कशी उभी करायची

डूला, म्हणजे बाळंतपणात बाईला सोबत करणारी बाई, म्हटलं की डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईतलं महागडं पॅकेज येतं. गरोदरपणातल्या भेटी, कळांच्या वेळी शेजारी बसणं, नंतर दूध पाजायला मदत आणि शेवटी हजारांतलं बिल. म्हणून तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टरही हे श्रीमंतांचं खूळ समजतात. पण या सोबतीचा गाजलेला अभ्यास झाला तो ग्वाटेमालातल्या एका सामाजिक सुरक्षा रुग्णालयात. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिलटकरणींच्या शेजारी एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली होती. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलत राहायची. ज्यांचं बाळंतपण गुंतागुंतीशिवाय पार पडलं त्यांच्यापैकी सोबत मिळालेल्या बायांना भरती झाल्यापासून बाळ होईपर्यंत सरासरी ८.८ तास लागले. एकट्या राहिलेल्यांना १९.३ तास.

पुढे २०१७ साली आरोग्यावरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास आणि १५,००० हून जास्त बाया आल्या. सतत सोबत मिळाली की सिझर कमी होतं, कळांचा काळ थोडा आटोपतो, बाळंतपणाची कडू आठवण कमी राहते, असं त्यातून दिसलं. त्यातली एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. सिझर टाळायला सोबतीचा सर्वांत जास्त उपयोग दिसला तो दोन ठिकाणी. एक, जिथे सोबत करणारी ना दवाखान्याची कर्मचारी होती ना घरची नातलग. दोन, जिथे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन सर्रास मिळत नव्हतं. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत ते मिळतं कुठे?

तेव्हा प्रश्न ही सोबत गावात हवी की नको हा नाही. ती धारणीच्या, झरीजामणीच्या, कोरचीच्या बाईपर्यंत पोहोचवायची कशी, हा आहे. या कामात उतरणारे बहुतेक जण प्रशिक्षणापासून सुरुवात करतात. शिबिर घेतात, प्रमाणपत्रं वाटतात, फोटो काढतात. मग प्रशिक्षित बाई प्रसूतिगृहाच्या दारावर अडवली जाते, किंवा कापूस वेचणीचा रोज बुडवून रात्रभर बसायला तिला परवडत नाही. सहा महिन्यांत सगळं थंडावतं. माझ्या मते क्रम असा हवा: आधी दवाखान्याचं दार, मग सोबतिणीची मजुरी, आणि शिकवणं त्यानंतर.

पहिलं काम: गावांची मोजणी

एका प्राथमिक आरोग्य केंद्राखालची आठ-दहा गावं घ्या, जास्त नको. महाराष्ट्रात हजार लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १५ बाळं जन्मतात. दहा हजारांच्या वस्तीत म्हणजे वर्षाला दीडशेच्या आसपास बाळंतपणं, महिन्याला बारा-तेरा. पहिल्या वर्षी सगळ्यांना सोबत देऊ म्हणाल तर कोणालाच नीट मिळणार नाही. महिन्याला पाच धरा.

ती पाच कोणती हे आशाताईच्या नोंदवहीवरून, तिच्या सोबत बसून ठरवा. पहिलटकरीण, आधीचं बाळ गेलेली, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची रुग्ण, नवऱ्याने टाकलेली, सासर-माहेर दोन्हीकडे कोणी नसलेली, पोडावरची कोलाम किंवा बेड्यावरची पारधी बाई (पोड आणि बेडा म्हणजे त्यांच्या वस्त्या), जिची भाषा सिस्टरला कळत नाही ती कोरकू किंवा माडिया बाई, अशांना आधी घ्या. सरपंचाच्या सुनेचं नाव यादीत पहिलं येऊ लागलं तर समजा, यादी बिघडली.

मोजणीत तीन गोष्टी हमखास सुटतात. पहिली, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुमच्या यादीतली बाई सातव्या महिन्यानंतर दुसऱ्या तालुक्यात जाते आणि दुसरीकडून एखादी तुमच्या गावात येते, जिचं नाव कुठेच नाही. आलेल्या माहेरवाशिणीची वेगळी पानं ठेवा. दुसरी, स्थलांतर. मेळघाटातली कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. तिसरी, अठराच्या आतल्या मुली. गर्भारपण उघड झालं तर अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं, म्हणून घरचे तिला लपवतात आणि घरीच बाळंत करायला बघतात. जिवाचा धोका तिलाच जास्त असतो. सोबतिणीने तिला हिणवायचं नाही आणि कायद्यातून पळवाटही सांगायची नाही. काम एकच, तिला वेळेत दवाखान्यात नेणं.

दार

परवानगी मागायला जाताना कोणाकडे जायचं हेच अनेकांना माहीत नसतं. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि स्त्री रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. बाई आधी प्राथमिक केंद्रात जाणार आणि अडचण आली तर ग्रामीण रुग्णालयात पाठवली जाणार, म्हणून परवानगी दोन्हीकडची लागते. एकीकडचंच पत्र घेऊन निघालात तर नेमक्या अवघड बाळंतपणात सोबतीण बाहेरच्या बाकड्यावर बसेल.

हातात काय न्यायचं? केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवायला मान्यता दिली आहे. २०१७ अखेरीस आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानाने बाळंतपण आणि सोबत हा प्रसूतिगृहाच्या दर्जाचाच भाग धरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारसही तीच सांगते: प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत. केंद्राच्या अटीही नीट वाचून जा. सोबतिणीला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने पूर्ण वेळ थांबावं, उपचारात ढवळाढवळ करू नये, खोलीतल्या दुसऱ्या बाईकडे जाऊ नये.

आता खरी मेख. त्या अटींमध्ये सोबत करणारी बाई नात्यातली असावी असं म्हटलं आहे, आणि आपली सोबतीण नात्यातली नसते. यावर भांडत बसण्यापेक्षा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या: बाईने स्वतः लिहून दिलं की अमुक सोबतीण मला हवी, तर तिला प्रवेश द्यावा. हा कागद सातव्या महिन्यातच भरून माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून ठेवा. कळा सुरू झाल्यावर सह्या मागत फिरायचं नाही.

आत एकालाच सोडणार म्हटलं की सासू आणि सोबतीण यांत ओढाताण होते. आमच्याकडे सासूला बाहेर ठेवणं म्हणजे घरचं वैर ओढवून घेणं. पाळी लावून घ्या. सुरुवातीच्या लांबलचक कळांमध्ये दोघी आळीपाळीने, शेवटच्या टप्प्यात बाई जिचं नाव घेईल ती. हे घरी आधीच बोलून ठेवलं की सासूबाई रागावत नाहीत.

सिस्टरांच्या शंका हसण्यावारी नेऊ नका. रात्रपाळीला एक सिस्टर, एक मावशी, दोन बाया कळा देत असतात आणि मधेच तिसरी येते. सिस्टरला वाटतं, ही सोबतीण माझ्यावर नजर ठेवायला आली. वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर सिस्टरांशी वेगळी बैठक घ्या आणि सोबतीण काय करणार नाही ते आधी सांगा. आत तपासणार नाही, औषध देणार नाही, पोट दाबणार नाही, मोबाईलवर फोटो काढणार नाही, कागदावर सही करणार नाही. मग विचारा, सिस्टर, तुमची कोणती कामं हलकी होतील? पाणी पाजणं, लघवीला नेणं, कपडे बदलणं, घाबरलेल्या बाईला टेबलावर शांत ठेवणं. बहुतेक सिस्टरांचा सूर इथे बदलतो. जिथे दोन खाटांमध्ये पडदा नाही तिथे आधी पडद्याची सोय करा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून हे काम होऊ शकतं, आणि सोबतीच्या नावाने का होईना, सगळ्याच बायांची अब्रू झाकली जाते.

आशाताईशीही स्पष्ट बोलणं हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं की जननी सुरक्षा योजनेत तिला मोबदला मिळतो आणि सोबतीण आपल्या पोटावर पाय देईल ही भीती रास्त आहे. ठरवून टाका: नोंदणी, कार्ड, सही आणि तो मोबदला आशाताईचाच. सोबतीण कुठल्याही सरकारी अर्जावर आपलं नाव घालणार नाही.

मजुरी

गावातल्या बाईने हे पुण्याचं काम म्हणून करावं असं सांगणारे लोक स्वतः पगारावर असतात. ज्या बाईचं घर रोजावर चालतं तिने सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत एक रात्र आणि दुसरा दिवस दवाखान्यात काढला तर दोन रोज बुडतात. ते भरून द्यायचे, नाहीतर फक्त खात्यापित्या घरच्या बाया सोबतिणी होतील आणि बेड्यावर जायला त्या तयार होणार नाहीत.

हिशोब तुमच्या गावच्या रोजावर करा. उदाहरण म्हणून रोज ३०० रुपये धरू. बाळंतपणाआधी तीन भेटी, प्रत्येकी अर्धा रोज; कळांच्या वेळचे दोन रोज; नंतरच्या तीन भेटी, पुन्हा अर्धा अर्धा. एकूण पाच रोज, म्हणजे १,५०० रुपये. त्यावर जाण्या-येण्याचे आणि फोनचे ३००, दवाखान्यातल्या जेवणाचे २००. एका बाळंतपणाला २,०००. वर्षाला साठ बाळंतपणं म्हणजे १,२०,०००. सहा सोबतिणी असतील आणि प्रत्येकीला फोन चालू ठेवून गावातच थांबण्याबद्दल महिन्याला ५०० दिले तर आणखी ३६,०००. दहा गावांच्या वर्षभराच्या व्यवस्थेला प्रशिक्षण सोडून दीड-पावणेदोन लाख. एका खासगी दवाखान्यातल्या थोड्याशाच सिझरच्या बिलांत ही रक्कम उडून जाते.

पैसा कुठून? एकाच झऱ्यावर अवलंबून राहू नका. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते शिलाई मशीनच्या पलीकडे जात नाहीत. ग्रामसभेत हा विषय आराखडा बनतानाच मांडा, वर्ष सुरू झाल्यावर नव्हे. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा लागू आहे तिथे, ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो. गडचिरोलीत ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळालेत आणि ज्या तेंदू-बांबू स्वतः विकतात, त्यांच्याकडे स्वतःचा पैसा आहे आणि कोणाची मंजुरी लागत नाही. चंद्रपूर, वणी, उमरेड या खाणपट्ट्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. आरोग्य आणि महिला-बालकल्याण ही त्याची अग्रक्रमाची क्षेत्रं आहेत. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. बचत गटांच्या 'उमेद' या सरकारी अभियानातल्या ग्रामसंघाकडे अडचणीतल्या कुटुंबांसाठी निधी असतो, त्यातून तातडीचा गाडीखर्च निघू शकतो. पैसे वाटायचं काम ग्रामसंघाकडेच द्यावं, कारण त्यांचं बँक खातं आहे, दर बैठकीत हिशोब वाचायची सवय आहे आणि सोबतिणी बहुधा त्यांच्यातल्याच असतात.

घरच्यांकडून पैसा घ्यायचा नाही. चहा, भाकर घ्या, नाही म्हणू नका. पण जुन्या पद्धतीत दाईला मुलगा झाला तर लुगडं आणि मुलगी झाली तर शेरभर दाणे, असा फरक अनेक घरांत व्हायचा. तो पुन्हा घुसू देऊ नका. मुलगा असो की मुलगी, सोबतिणीला ग्रामसंघाकडून तेवढेच पैसे, तेही त्याच आठवड्यात. सरकारी बिलासारखे सहा महिने अडले तर पुढच्या वेळी ती फोन उचलणार नाही.

कोण सोबतीण होऊ शकते

स्वतः बाळंत झालेली, तिशी ते पन्नाशीची, रात्री निघता येईल अशा घरची, तोंड सांभाळणारी. शिक्षण दुय्यम. गडचिरोलीत सर्च संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले आणि आज देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात ते त्याच वाटेने. तेव्हा कमी शिकलेल्या बाईला हे जमेल का, ही शंका विदर्भात तरी काढू नये.

सगळ्या एकाच मोहल्ल्यातल्या निवडू नका. बौद्ध वस्ती, गोंड टोली, बंजारा तांडा, सगळीकडची एकेक तरी हवी, नाहीतर काही घरांत पाणीसुद्धा प्यायलं जाणार नाही आणि काही घरांत तिला बोलावलंच जाणार नाही. एकल महिलांना मुद्दाम घ्या. यवतमाळ, वर्धा, अमरावतीत नवरा गेल्यावर शेती आणि लेकरं ओढणाऱ्या बाया आहेत, त्यांना कामाची गरजही आहे. बाळंतघरात विधवेची सावली नको म्हणणारे भेटतील. तिथे वाद घालायला ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी जावं, त्या बाईला पुढे करू नका.

जुन्या सुईणीचं काय? मी तिला घेण्याच्या बाजूने आहे. तिचा हात आणि तिचा शब्द घरात चालतो, आणि तिला बाहेर ठेवलं तर ती समांतर काम करत राहते. अट एकच आणि ती सर्वांसमोर: घरी बाळंतपण करायचं नाही, हात आत घालायचा नाही.

शिकवणं

सलग सहा दिवस पुरतात, मग प्रसूतिगृहात मुरलेल्या सिस्टरच्या हाताखाली दोन-तीन बाळंतपणं नुसती बघायची. निवृत्त आरोग्य सहायिका (एलएचव्ही) किंवा स्टाफ नर्स शिकवायला मिळाली तर सोनं. फळ्यावर कमी आणि चटईवर जास्त शिकवा: एकीने कळा आल्याचं सोंग करायचं, दुसरीने कंबर दाबायची, तिसरीने सिस्टर होऊन खेकसायचं.

धोक्याच्या खुणा तोंडपाठ हव्यात आणि आपल्या बोलीत हव्यात. अंगावरून रक्त जाणं. डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंड-हात सुजणं, झटके. पाणमोट फुटून हिरवं किंवा घाण वासाचं पाणी येणं. बाळाची हालचाल मंदावणं. ताप. नाळ आधी बाहेर दिसणं. बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार न पडणं, पॅड भराभर भिजणं. यातलं काहीही दिसलं की सोबतिणीने स्वतः ठरवायचं नाही, सिस्टरला सांगायचं, आणि घरी असेल तर १०८. गावात इंजेक्शन देऊन कळा वाढवणारा कोणी असेल तर त्याला दारातच अडवायचं. तसल्या इंजेक्शनने पिशवी फाटून बाई जाऊ शकते.

सिकलसेलवर अर्धा दिवस वेगळा ठेवा, विशेषतः गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत. अशा बाईला पाणी कमी पडू द्यायचं नाही, गारठू द्यायचं नाही, हाडांतल्या दुखण्याला कळा समजून बसायचं नाही आणि तिचं बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच ठरवायचं. तिचं सिकलसेल कार्ड आत गेल्या गेल्या दाखवायचं.

आधीच्या तीन भेटी

पहिली सातव्या महिन्यात, दुसरी आठव्यात, तिसरी नवव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. एक भेट तिलाच जोडून घ्या, म्हणजे दवाखान्याची खोली आणि न्हाणी बाई आधीच बघून येते.

घरच्या भेटीत तीन गोष्टी पक्क्या करायच्या. गाडी: १०२ आणि १०८ दोन्ही नंबर भिंतीवर खडूने लिहा, पण ज्या गावात रेंज नाही तिथे फोन कुठल्या टेकाडावरून लागतो आणि गाडी आली नाही तर कोणाचा ऑटो किंवा मॅजिक, तेही लिहा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. अशा भागात पावसाळ्यातली तारीख असेल तर बाईला आधीच माहेरघरात नेणं हाच मार्ग. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक केंद्रांना जोडून ही सोय आहे आणि तिथे सोबत आलेल्या माणसाच्या जेवणाचीही व्यवस्था असते. कोंबड्या-बकऱ्या कोण बघेल, मोठं लेकरू कोणाकडे राहील, हे सुटलं नाही तर बाई तिथून दुसऱ्या दिवशी पळून येते, म्हणून तेही सोबतिणीनेच मार्गी लावायचं.

कागद: आधार, बँक पासबुक, कार्ड, सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसह बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी सगळं फुकट आहे. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० रुपये अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,०००, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अनेकींचे पैसे आधारवर माहेरचं आडनाव आणि पासबुकावर सासरचं, एवढ्यावरून अडकतात. सातव्या महिन्यात दुरुस्त केलं तर वेळ मिळतो.

आणि इच्छा: कोण सोबत हवं, बाळंतपणानंतर तांबी बसवायची का, ऑपरेशन करायचं का. हे कळांच्या भरात विचारलं तर बाई कशालाही हो म्हणते. आधी नवरा-बायकोने ठरवून सिस्टरला सांगितलेलं बरं. मुलगा की मुलगी यावर मात्र एक शब्द नाही. चेष्टेतही नाही.

कळांची रात्र

सोबतिणीने बाईच्याच गाडीतून जायचं. रात्री एकटीने मागून येण्याचा प्रश्नच येऊ नये. परतीची गाडीही ठरलेली असावी.

कळा सुरुवातीला लांब लांब येतात आणि पहिलटकरणीला हा काळ संपतच नाही असं वाटतं. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर खऱ्या जोरकस कळा धरल्या जातात आणि तिथून पुढेही पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात. हे आकडे सोबतिणीला माहीत हवेत, कारण बाहेर बसलेले नातलग दर तासाला विचारतात की अजून काऊन नाही झालं, आणि त्यांच्याच धास्तीने बाईला खासगी दवाखान्यात हलवलं जातं. सोबतिणीने दर दोन तासांनी बाहेर येऊन एक वाक्य सांगायचं. सिस्टरने तपासलं, सगळं ठीक आहे, थांबा.

आत काय करायचं? तिला आडवी पाडून ठेवू नका. सिस्टरने हो म्हटलं तर व्हरांड्यात चालवा, खाटेच्या काठाला धरून उभी राहू द्या, उकिडवी बसू द्या. कळ आली की तळहाताच्या टाचेने माकडहाडावर घट्ट दाब, कळ गेली की हात सैल. मधल्या वेळात घोट घोट पाणी, पातळ आंबील, गूळपाणी. सिझरची शक्यता असेल तर सिस्टरला विचारूनच. दर दोन तासांनी लघवी. गरम पाण्यात पिळलेला पंचा कमरेवर. बाई ओरडली तर ओरडू द्या, मात्र खांदे आणि जबडा आवळले की श्वास अडतो, तेव्हा हळूच सांगा, "खांदे सोड वो माय, तोंडानं फुंकर मार, मी आहो न इथंच." नाव घेऊन बोला. कोरकू किंवा गोंडी बोलणारी असेल तर तिच्या भाषेत, आणि सिस्टरचं म्हणणंही त्याच भाषेत पोहोचवा. दुभाषाचं हे काम जवळजवळ निम्मं आहे.

"जोर लाव" हे सिस्टरने सांगेपर्यंत म्हणायचं नाही. उगाच आधी जोर लावला की बाई दमते आणि अंग सुजतं. टेबलावर चढल्यावर सोबतिणीची जागा डोक्याशी, पायांशी नाही. कोणी पोटावर वरून दाब देऊ लागलं तर आरडाओरडा न करता डॉक्टरांना विचारायचं, "मॅडम, हे असंच करायचं असते का?" अनेकदा तेवढ्यानेच हात थांबतो. शिवी दिली, चापट मारली, खुशीचे पैसे मागितले, तर तिथे भांडण नको. बाईचा जीव त्यांच्याच हातात असतो. वेळ आणि काय झालं तेवढं लक्षात ठेवायचं.

बाळ झालं की ते आईच्या उघड्या छातीवर, वरून कोरडं फडकं, आणि पहिल्या तासात दूध. चीक पिळून टाकायचा सल्ला आजी देतीलच. मध, गुटी, साखरेचं पाणीही पुढे येईल. सोबतिणीने आजीला दुसरं काम द्यावं: बाळाची टोपी, पाय झाकणं. वाद न घालता बोट बाळाच्या तोंडापासून दूर राहतं.

घरी आल्यावर

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. सोबतिणीच्या तीन भेटी त्यांच्या अधेमधे ठेवा. बाळ आशाताई बघेल, सोबतिणीने बाळंतिणीकडे बघावं. तिला पाणी कमी देतात, डाळ-भाजी बंद करतात, बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवतात. पथ्याशी सरळ टक्कर न घेता भर घालता येते: जवारीच्या भाकरीसोबत तुरीच्या डाळीचं वरण, मेथी, अंडं चालत असेल तर अंडं, आणि तहान लागेल तेवढं पाणी. शेगडी खाटेखालून काढून दाराशी, खिडकी उघडी.

दोन आठवड्यांनंतरही बाई बाळाकडे बघत नसेल, झोप-जेवण सुटलं असेल, "मले जगावंच वाटत नाही" म्हणत असेल, तर ही बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेण्याआधी प्राथमिक केंद्रात न्या, आणि तोवर तिला एकटी ठेवू नका. बाळ गेलेल्या बाईकडे भेटी कमी नव्हे, जास्त कराव्यात. तिला दूध येतं, छाती दाटते, आणि गाव तिच्याकडे यायचं थांबतं.

नोंद आणि बैठक

प्रत्येक बाळंतपणाला एकच पान. कळा कधी सुरू झाल्या, गाडी कधी आली, सोबतिणीला आत सोडलं का, नसेल तर कोणी काय कारण सांगितलं, साधं की सिझर, दूध कधी पाजलं, पैसे मागितले का, बाईला पुन्हा हीच सोबतीण हवी का. लिहिता येत नसेल तर चित्रांचे चौकोन करा. बाईचं नाव बैठकीत वाचायचं नाही, फक्त क्रमांक.

महिन्यातून एकदा सोबतिणी, आशाताई आणि एक सिस्टर बसतील अशी बैठक घ्या. अपमानाच्या किंवा पैशांच्या नोंदी तीन-चार जमल्या की वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर एकत्र ठेवा. एकटी तक्रार गेली की त्या बाईवर आणि सोबतिणीवर राग निघतो. तिथे हललं नाही तर १०४ वर तक्रार करता येते, आणि २०१९ च्या 'सुमन' योजनेत मोफत आणि सन्मानाच्या सेवेची सरकारची हमीच आहे, तिचा उल्लेख पत्रात करावा.

सुरुवात कोणत्या महिन्यात करायची तेही ठरवून घ्या. संक्रांतीनंतर परवानग्या आणि मोजणी, फेब्रुवारीत प्रशिक्षण. मार्च उजाडला की जंगलपट्ट्यात बाया पहाटेच मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता, मग पेरणी आणि रोवणी. जूनमध्ये शिबिर ठेवलं तर खोलीत तुम्ही आणि सिस्टर एवढेच असाल.